सर्वेश्वर म्हणजे सर्वांचा ईश्वर की सर्व हाच ईश्वर?

पॅन्थिइझम म्हणजे निसर्गात देव बघणं का, आणि त्याला सर्वेश्वरवाद म्हणणं बरोबर का, असं विचारलंय. पहिल्याचं उत्तर जवळपास हो, पण सगळा घोळ त्या 'निसर्गात'मधल्या 'त'चा आहे. पेटीत दागिना म्हटलं की पेटी वेगळी आणि दागिना वेगळा, सप्तमी लावली की दोन वस्तू झाल्याच. पॅन्थिइझमवाल्याला दोन वस्तू नकोच असतात, तो म्हणतो निसर्गच देव, सगळा जोर त्या 'च'वर. म्हणजे जग बनवून बाहेरून बघत बसलेला, नवसाला पावणारा कोणी नाही.

हा शब्द ग्रीकवरून आला, ग्रीकमध्ये पान म्हणजे सगळं, थेओस म्हणजे देव. आता यावरून कोणाला वाटेल की सगळे देव मानणं, तर ते नाही, तो अनेकदेवतावाद, पूर्ण वेगळं प्रकरण.

यात नाव येतं ते सतराव्या शतकातल्या डच तत्त्वज्ञ स्पिनोझाचं. १६७७ मध्ये, तो गेल्यावर, त्याचं लॅटिनमधलं 'एथिक्स' छापलं गेलं, त्यात 'देउस सिवे नातुरा' असं आहे, देव किंवा निसर्ग. पण हा 'किंवा' गंमतीचा आहे! आपण 'हा की तो' विचारतो तसा निवडीचा नाही, 'सूर्य किंवा रवी' म्हणतो तसा, एकाच गोष्टीची दोन नावं. स्वतःला पॅन्थिइस्ट म्हणवून घ्यायला तो शब्दच तेव्हा नव्हता, लॅटिनमध्ये इंग्रज गणिती रॅफसननं १६९७ ला वापरला आणि इंग्रजीत आयरिश विचारवंत टोलंडनं १७०५ ला.

आता सर्वेश्वरवाद. शब्द रुळलाय, वापरा, पण मला तो थोडा खटकतो कारण सर्वेश्वर ऐकलं की आपण विग्रह करतो सर्वांचा ईश्वर, षष्ठी तत्पुरुष, म्हणजे परत मालक एक आणि मालमत्ता दुसरी, जे टाळायचं होतं तेच. इथे कर्मधारय हवा, सर्व हाच ईश्वर. म्हणून पहिल्यांदा वापराल तिथे विग्रह लिहून टाका. आणि 'विश्व देवात आहे पण देव विश्वापेक्षा मोठा' असं म्हणायचं असेल तर तो पॅनेन्थिइझम, तिथे मात्र सप्तमी चालते, फक्त उलट्या बाजूनं.

जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरला हे सगळंच पटायचं नाही, त्याचं म्हणणं, जगाला देव म्हटल्यानं जगाबद्दल काही कळत नाही, भाषेत फक्त एक फालतू समानार्थी शब्द वाढतो.