काळजातलं ‘झाड’

‘हे लागणारं आहे का हो?’ लातूरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न किती वेळा ऐकला असेल! कधी क्षयरोगासाठी, कधी कोडासाठी, अगदी कर्करोगासाठीही. मागे तो हृदयाच्या झडपेवरून आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

औसा तालुक्यातली तिशीतली सून. ल्युपसची रुग्ण, यात शरीराचं राखणदारच, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती, घरच्यांवर उलटतं. एकदा तिचा हात अर्धा तास लुळा पडला, म्हणून तपासण्या झाल्या. टूडी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टात दोन शब्द होते, ‘व्हेजिटेशन’ आणि ‘एंडोकार्डायटिस’ (हृदयाच्या आतल्या अस्तराचा दाह). पुतण्यानं मोबाइलवर पहिल्याचा अर्थ पाहिला: वनस्पती. झालं! हिच्या काळजात झाड उगवलंय, असा गावभर बोभाटा. शेजारणीनं वर जंतूंची भर घातली. ताट वेगळं, अंथरूण वेगळं, चार वर्षांचं लेकरू आजीच्या कुशीत.

मी मनातल्या मनात सासूला दोषी ठरवून मोकळी झाले होते. सहज विचारलं, “ताट कुणी वेगळं केलं?”

“मीच,” सून म्हणाली. “आत्याबाई तर रोज भांडतेत त्यावरून.”

इतक्या वर्षांनीही अंदाज असा सपशेल चुकतो. पण माझी एक धारणा त्या दिवशी पक्की झाली: आजारापेक्षा आपण त्याला लावलेला अर्थ माणसाला जास्त पोखरतो. त्यामुळे मी धीर देत बसले नाही. आत नेमकं काय दिसतं, ते चित्र तुम्हीच सांगा, असं त्यांना म्हटलं.

दोन भेटी गप्प बसलेला नवरा बोलला. “मॅडम, हिरीतल्या मोटरीच्या फुटवॉलला शेवाळ धरतं, तसं हाय का?”

मला इतकं नेमकं सुचलं नसतं. म्हटलं, “जवळपास. पण शेवाळ बाहेरचं, हे तिच्याच रक्तातलं. खरचटल्यावर खपली धरते ना, तशी दुखावलेल्या झडपेवर प्लेटलेट आणि फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या घटकांची खपली धरलीय. रक्त कल्चरला दिलं होतं, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते पाहिलं; वाढले नाहीत. डॉक्टरांनी सगळं जुळवूनच हे निदान केलंय.”

“मग माझं उष्टं...?”

“जंतू असते तरी ते उष्ट्यानं लागलं नसतं.”

ती खूप वेळ रडली. मी मध्ये एक शब्द घातला नाही. गप्प राहायला मी फार उशिरा शिकले, पण चांगलं शिकले.

लिबमन आणि सॅक्स या डॉक्टरांनी 1924 मध्ये झडपेवरच्या या निर्जंतुक गाठींचं वर्णन केलं. ल्युपसखेरीज कर्करोगातही त्या दिसतात. लागण होत नाही म्हणून त्या निरुपद्रवी नव्हेत. तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात होतो. हात लुळा पडला होता तो त्यामुळेच असावा, असं डॉक्टरांचं मत. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद करायची नाही. तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, की थेट मोठा दवाखाना. आणि शेजारणीच्या बोलण्यातला एक कण खरा आहे: रक्तात जंतू शिरले तर त्यांना अशा खपलीवर बसायला जागा मिळते. मग खरोखरच जंतूंचा एंडोकार्डायटिस होतो. त्यामुळे दात-हिरड्या जपायच्या. ताप रेंगाळला तर आपल्याकडं आधी सुई टोचून घ्यायची घाई असते. तसं नको. आधी कल्चरसाठी रक्त द्यायचं, अँटिबायोटिक त्यानंतर. नाहीतर जंतू असूनही रिपोर्टात सापडत नाहीत.

निघताना आत्याबाईंनी विचारलं, “मग ती खपली जाती का?”

“मूळ आजार आटोक्यात राहिला तर लहान होऊ शकते, विरूही शकते. पुन्हा इको करून बघतील.”

“पोळा झाला की आणतो,” नवरा म्हणाला. लेकरू तेवढ्यात आईच्या डब्यातली दशमी खात होतं.