युस्टनजवळ स्वस्तात मलेशियन जेवायचं तर

लंडनमध्ये आठवडाभर मुक्काम, हॉटेल युस्टनजवळ, सोबत आई-बाबा. आई शाकाहारी, बाबा मासेखाऊ, बजेट बेताचं. ड्रमंड स्ट्रीटवरची भारतीय हॉटेलं सोडून काय खाता येईल, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: 'रोटी किंग'. युस्टन स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर डॉरिक वे नावाची गल्ली आहे, तिथं तळघरात. रांग दिसली की समजा पोचलात. आई-बाबांना उभं राहणं जमत नसेल तर उघडायच्या वेळेलाच जा, ऐन जेवणाच्या वेळी नको.

आता मागवायचं कसं, कारण पैसे तिथंच वाचतात. आपण सहकुटुंब हॉटेलात गेलो की एक स्टार्टर, दोन भाज्या, नान आणि शेवटी जीरा राईस मागवतो. ती सवय इथं आणलीत तर बिलही फुगेल आणि चवही हुकेल. इथला राजा म्हणजे रोटी चनाय, केरळी परोट्याचा चुलतभाऊ. तेलात मुरवलेला मैद्याचा गोळा कारागीर ओट्यावर आपटत, भिरकावत पार पारदर्शक करतो, घडी घालून तव्यावर टाकतो आणि उतरवल्यावर दोन्ही हातांनी टाळी वाजवल्यासारखा चेपतो, म्हणजे पापुद्रे सुटतात. मैदा, तेल आणि हातातली कला, एवढंच भांडवल. म्हणून ती स्वस्त. मलेशियात ही रोटी रुजवली दक्षिण भारतातून गेलेल्या तमिळ मुसलमानांनी. त्यांच्या खानावळींना तिकडे 'मामाक' म्हणतात, तमिळ 'मामा'वरून. तेव्हा मामाकडे गेल्यासारखंच जेवा: माणशी एक रोटी, आणि डाळ व कोंबडीची करी, दोन्ही मध्ये ठेवून. कमी पडली तर फक्त रोटी वाढवा, रस्सा पुरतो. साते वगैरे काड्यांवरचं खाणं पोट न भरता पैसे खातं, माझ्या मते वगळा.

बाबांसाठी नासी लेमाक. नारळाच्या दुधात, पांदानचं पान घालून शिजवलेला भात. ज्या द्रव्यामुळे बासमतीला आणि आंबेमोहराला वास येतो तेच या पानात असतं, त्यामुळे पहिल्याच घासाला ओळखीचं वाटेल. सोबत शेंगदाणे, काकडी, उकडलेलं अंडं, सांबल म्हणजे मिरचीची लाल चटणी आणि तळलेली बारीक सुकी मासळी. कोकणी माणूस असेल तर यावर खूश. फक्त 'रेंदांग' (नारळाच्या दुधात आटवलेलं मांस) दिसलं तर आधी विचारा, ते बहुधा बीफचं असतं.

आईंच्या बाबतीत मात्र जपा. काही वर्षांपूर्वी शहरातल्या दुसऱ्याच एका हॉटेलात (नाव नको) 'मांस-मासे काही नको' असं बजावून मी कांगकुंग, म्हणजे आपली नाळीची भाजी, मागवली. शाकाहारी मैत्रिणीनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "याला कोळीवाड्याचा वास येतोय." वेटरला विचारलं तर तो निरागसपणे म्हणाला, मासा नाहीच, फक्त बलाचान! बलाचान म्हणजे जवळा मीठ लावून, आंबवून, कुटून वाळवलेली वडी. गोव्याच्या बालचांव या तिखट-आंबट लोणच्याचं नाव त्यावरूनच आलं असं मानतात. ते पटण्यासारखंही आहे: १५११ साली पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कनं गोव्याहूनच जाऊन मलेशियातलं मलाक्का बंदर घेतलं आणि पुढं १६४१ पर्यंत दोन्ही बंदरं पोर्तुगीजांच्याच हातात होती. थोडक्यात, 'व्हेजिटेरियन' एवढं म्हणून भागत नाही. बलाचान, सुकी कोळंबी आणि फिश सॉस, तिन्ही नावं घेऊन विचारा. रोटीच्या पिठात अंडं आहे का तेही विचारा, काही जण घालतात. सांबल आणि लाक्सा (नूडल्सचं झणझणीत सूप) यांत बहुधा बलाचान असतंच, ती आईंपासून लांबच ठेवा.

प्यायला नळाचं पाणी मागा, फुकट मिळतं. आणि एक तेह तारिक तिघांत. कंडेन्स्ड मिल्कचा चहा, टपरीवरच्यासारखाच उंचावरून ओतून फेसाळलेला. फार गोड असतो, 'कुरांग मानिस' म्हणालात तर साखर कमी. बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला आहे का ते बघा. लंडनमध्ये बऱ्याच ठिकाणी साडेबारा टक्के लावतात, पण 'ऐच्छिक' लिहिलेलं असेल तर काढायला सांगता येतं. सेवा चांगली असेल तर मी देतो.

चायनाटाउनमध्ये फिरणार असाल तर मॅकल्सफील्ड स्ट्रीटवरचं 'रासा सायांग' हे मलेशियन हॉटेल बघा, पण ते बाबांना घेऊन. आईंना त्या संध्याकाळी ड्रमंड स्ट्रीटच बरी.