वळणाची गल्ली सरळ करायची का?

प्रश्न : काका, मल्हारगंजात आमच्या गल्लीत रुंदीकरणासाठी घरांवर लाल खुणा केल्यात. आमचा ओटा आणि पुढची खोली जाईल. मुलगा म्हणतो, बरंच झालं, कार दारापर्यंत येईल. मला पटत नाही, पण त्याला समजावता येत नाही. गल्ली रुंद केल्यानं कोंडी सुटते का हो?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : त्याची कार दारापर्यंत येईल, खरं आहे. पण तिच्या मागोमाग गावाच्याही येतील, हे त्याला आधी सांगा. राजवाड्याकडे निघालेला परका माणूस आज तुमच्या गल्लीत शिरत नाही, कारण दुसऱ्या वळणालाच तो वैतागतो. ती सरळ केलीत की सगळ्यांना आयता शॉर्टकट मिळाला. शिवाय तुमच्या खोलीच्या जागेवर रस्ता होणार नाहीच, तिथं कुणाची तरी गाडी दिवसभर उभी राहील.

नकाशे काढण्यात माझं आयुष्य गेलं. जुन्या वस्तीचा नकाशा नवख्याला नुसता गुंता वाटतो. नीट पाहा, गल्ल्या एकमेकींना आरपार छेदत नाहीत. एक येते आणि दुसरीला टेकून संपते. आपण इंदूरकर ज्याला तिराहा म्हणतो, तो. साध्या चौकात गाड्यांच्या वाटा एकमेकींना भिडण्याच्या ३२ जागा असतात, तिराह्यावर ९. त्यात वळणापलीकडचं दिसत नाही, म्हणून स्कूटरवाला हॉर्न वाजवत का होईना, हळू होतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं. ओट्यावरून उतरणाऱ्या आजीला तेवढं अंतर कोण देणार?

हे काही आजचं शहाणपण नाही. होळकर दरबारानं बोलावलेल्या पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारानं १९१८च्या इंदूरवरच्या अहवालात हाच धोशा लावला होता : वस्ती चिरून सरळ रस्ते काढू नका, पडकी घरं तेवढी काढून मधे मोकळी जागा करा. प्लेगचे दिवस. त्यानं दिवाळीच्या मिरवणुकीचा नेहमीचा मार्ग बदलला आणि ज्या गल्ल्यांनी घरं साफ-दुरुस्त केली, त्यांतून ती नेली. एकही भिंत न पाडता लोक कामाला लागले! लाल रंगाच्या डब्यापेक्षा ही युक्ती मला कधीही बरी वाटते.

आणि आपला इंदूरचा सराफा बाजार पाहा ना. दिवसा सोनं-चांदी, रात्री शटर पडलं की त्याच दुकानांपुढे भुट्ट्याचा कीस आणि गराडू कंदाचे तळलेले तुकडे. तो रस्ता ऐसपैस असता तर रात्री तिथं कढया नाही, कार लागल्या असत्या.

मुलाचा एक मुद्दा मात्र रास्त आहे. आगीचा बंब आणि अँब्युलन्स आत आलीच पाहिजे. पण मोठी गाडी बहुधा अडते ती वळताना. तेव्हा अख्खी रांग कापण्याऐवजी अडणारे एक-दोन कोपरे छाटून भागतं का, हे संबंधित कार्यालयाला लेखी विचारा. अर्जासोबत गल्लीचा हातानं काढलेला नकाशा जोडा : कुठला कोपरा किती फूट, कुठं विजेचा खांब मधे आलाय, कुणाच्या पायऱ्या पुढे आल्यात. स्वतःच्या पायऱ्याही दाखवा बरं का. सकाळी दूधवाल्याची गाडी कुठं मागे-पुढे करते ते तासभर उभं राहून पाहा आणि तिथं फुली मारा. हे काम मुलालाच सांगा.