मधल्या सुट्टीत एकटा बसणारा मुलगा

प्रश्न : यजमानांना अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागल्यामुळे आम्ही जूनमध्ये येवल्याहून नाशिकला, इंदिरानगर भागात राहायला आलो. मुलगा सात वर्षांचा असून दुसरीत आहे. येवल्यात चुलतभावंडांबरोबर तो दिवसभर हुंदडत असे आणि संक्रांतीला काकांची आसारी (पतंगाच्या दोऱ्याची फिरकी) धरायला सर्वांत पुढे असे. आता मात्र दर सोमवारी सकाळी त्याचे पोट दुखते. डॉक्टरांना तपासणीत काही आढळले नाही. वर्गाच्या बाई म्हणतात, ‘शांत मुलगा आहे, त्याचा काही त्रास नाही.’ पण मधल्या सुट्टीत तो डबा घेऊन एकटाच बसतो, असे त्याच्याच बोलण्यातून कळले. मी रोज संध्याकाळी त्याला खाली खेळायला पाठवते, तर तो दहा मिनिटांत वर येतो. शाळा बदलावी का?
– एक आई, नाशिक

उत्तर : प्रथम पोटदुखीविषयी. डॉक्टरांना काही आढळले नाही म्हणजे मुलगा ढोंग करतो असे नव्हे. मनावर ताण आला की पोटात खरोखरच दुखते, आणि लहान मुलांना मनातले शब्दांत सांगता येत नसल्याने ते बहुधा पोटाच्या किंवा डोक्याच्या तक्रारीतून बाहेर पडते. म्हणून ‘काही झालेले नाही, चल ऊठ’ असे न म्हणता ‘दुखतेय हे मला कळते, आपण तरीही शाळेत जाऊ’ असे म्हणावे. शाळेत जाण्याचा क्रम मात्र मोडू देऊ नये, कारण घरी राहिल्याने मिळणारी सुटका पुढच्या सोमवारचे पोट आणखी दुखवते.

एवढ्या लहान वयात एकटेपणा कसला, असे घरातील वडीलधारी माणसे म्हणतात. जूड कॅसिडी आणि स्टीव्हन अ‍ॅशर या मानसशास्त्रज्ञांनी 1992 साली बालवाडीतील व पहिलीतील मुलांशी बोलून केलेल्या अभ्यासात या वयाच्या मुलांनाही एकटेपणा म्हणजे काय हे समजते, असे दिसून आले. पुढच्याच वर्षी जेफ्री पार्कर आणि अ‍ॅशर यांनी तिसरी ते पाचवीच्या मुलांविषयी जे मांडले, ते आपल्या दृष्टीने अधिक उपयोगाचे आहे : वर्गात फारशा न आवडणाऱ्या मुलांमध्येही ज्यांना एखादा जवळचा मित्र होता, त्यांना एकटेपणा कमी जाणवत होता. आपल्या मुलाला सगळ्या इमारतीतील मुलांनी खेळायला घ्यावे अशी खटपट करण्याची गरज नाही. त्याला एक सोबती मिळाला पाहिजे.

त्यामुळे रोज संध्याकाळी त्याला खाली पाठवणे तूर्त थांबवावे, असे मला वाटते. आधीच डाव मांडून बसलेल्या दहाबारा मुलांत शिरणे मोठ्या माणसालाही जड जाते. त्याऐवजी वर्गातील किंवा शेजारच्या एकाच मुलाला, त्याच्या आईशी बोलून, रविवारी तासाभरासाठी घरी बोलवावे आणि दोघांच्या हाताला काम द्यावे. आपल्या पत्रातच ते काम सापडते. येवल्याच्या मुलाला पतंगाची माहिती इतर मुलांपेक्षा अधिक असणार. कन्नीचा दोरा पतंगाला कुठे बांधायचा, फाटलेला कागद चिकी लावून कसा सांधायचा हे तो पाहुण्याला दाखवू लागला की ‘माझ्याशी खेळशील का?’ हे विचारण्याची वेळच येत नाही. दोरा अर्थातच साधा सुती असावा; नायलॉन मांजाला बंदी आहे. पहिल्या भेटीत भांडण झाले तरी पुन्हा त्याच मुलाला बोलवावे, दर वेळी नवा मुलगा शोधू नये. आणि त्या तासात मोबाइल व दूरदर्शन दोन्ही बंद ठेवावे, नाहीतर दोन मुले शेजारी बसून एकाच पडद्याकडे पाहत राहतात.

बाईंना पुन्हा भेटावे. साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षिकेचे लक्ष गोंधळ घालणाऱ्यांकडे जाते, गप्प बसणाऱ्याकडे जात नाही; यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही. ‘माझ्या मुलाकडे लक्ष द्या’ अशी मोघम विनंती विरून जाते. त्याला एखाद्या मनमिळाऊ मुलाशेजारी बसवावे, वह्या गोळा करणे किंवा फळा पुसणे हे काम त्या दोघांना मिळून द्यावे आणि डबा खाताना दोघे एकत्र बसतील असे पाहावे, एवढे नेमके मागावे. ‘याला कोणी मित्र नाही, याला खेळायला घ्या’ असे वर्गासमोर सांगू नये, हेही त्यांना आवर्जून सांगावे. कोणी त्याला चिडवते वा मारते का, याचीही चौकशी याच भेटीत करावी. तसे असेल तर ते थांबवणे हे शाळेचेच काम आहे.

घरी आल्या आल्या ‘आज कोणाशी बोललास?’ असे विचारू नये. मुलाला ती रोजची तोंडी परीक्षा वाटते आणि तो नापास होत राहतो. मटार सोलताना किंवा भाजी निवडताना त्याला शेजारी बसवावे; समोरासमोर न बसता हात कामात असले की मुले आपण होऊन बोलतात. तो बोलला तर लगेच उपाय सुचवू नयेत. ‘काकांची, भावंडांची आठवण येते ना?’ एवढे विचारले तरी पुरे. आसारी धरायची त्याची जागा येवल्यात राहिली आहे, त्याचे दुःख त्याला होणारच. संक्रांतीला त्याला तेथे जरूर न्यावे.

शाळा बदलू नये. सहा महिन्यांत दुसऱ्यांदा सगळे अनोळखी चेहरे त्याच्यासमोर आणून आपण त्याच अडचणीची पुनरावृत्ती कराल. मात्र वरील प्रयत्न करूनही तो काही आठवडे नीट जेवत, झोपत नसेल, शाळेत जाण्यास साफ नकार देत असेल किंवा ‘मी कोणालाच नको आहे’ असे वारंवार म्हणत असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. 14416 या सरकारी ‘टेली-मानस’ क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य व मराठीतूनही बोलता येते. तज्ज्ञांकडे जाताना यजमानांची पाळी जुळेल असा दिवस निवडून दोघांनीही बरोबर जावे.