बेनाखीवर आई-बाबांना न्यायचं असेल तर

आई-बाबा ऑगस्टमध्ये पुण्याहून अ‍ॅबर्डीनला येताहेत, आईंचा गुडघा कुरकुरतो, बाबा अजून दर रविवारी सिंहगड चढतात आणि दोघांनाही 'तो जांभळा डोंगर' बघायचाय. तर इथला, स्कॉटलंडमधला बेनाखी डोंगर झेपेल का, असं तुम्ही विचारलंय. झेपेल. फक्त शिखर गाठायचंच हा हट्ट गाडीत ठेवून उतरा.

(आधी उच्चार: 'बेनाची' म्हटलंत तर स्थानिक लोक कळवळतात. घशातून काढलेला 'ख' हवा.)

हट्ट सोडा म्हणतो, कारण हेदर, म्हणजे डोंगर जांभळा करणारं फुलांचं झुडूप, शिखरावर नाहीच. खाली लावलेलं जंगल, वर ग्रॅनाइटचा उघडा कातळ आणि या दोघांच्या मध्ये जो खांदा आहे तिथे हेदर. रोवनट्रीच्या पार्किंगपासून निघालात की थोडा वेळ झाडीतून चढ आहे, मग झाडं एकदम संपतात आणि दोन्ही बाजूंना जांभळं रान पसरतं. आईंनी तिथे एखादा सपाट दगड बघून बसावं, थर्मास उघडावा. त्यांनी काहीही चुकवलेलं नसेल. मधाचा वास तिथेच येतो, मधमाश्या तिथेच असतात. बेल हेदर जुलैतच फुलतं, पण सगळा डोंगर रंगवणारं साधं हेदर ऑगस्टच्या मध्यापासून भरात येतं, त्यामुळे तिसरा आठवडा उत्तम. आपल्या कारवीसारखी सात वर्षं वाट बघायला लावत नाही, दरवर्षी फुलतं.

वाट सोडून फुलांत शिरायचा मोह होईल. मी पहिल्या वर्षी शिरलो होतो. दुरून मऊ गालिचा वाटतो, पण ते लाकडी झुडूप आहे, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, आणि खाली खड्डा आहे की दगड ते दिसत नाही. माझा पाय मुरगळला तो मुरगळलाच, वर दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या मागे गोचीड सापडली. इथली गोचीड लाइम आजार पसरवू शकते, म्हणून फुल पँट आणि पँटचे पाय मोज्यांत खोचलेले. दिसायला ध्यान दिसतं, दिसू द्या. घरी आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागे, केसांच्या कडेने नीट बघायचं. सापडली तर तेल-रॉकेल काही लावू नका. फार्मसीत गोचीड काढायचा छोटा आकडा मिळतो, त्याने कातडीलगत धरून सावकाश काढा. पुढच्या काही आठवड्यांत पसरत जाणारा लाल चट्टा दिसला किंवा फ्लूसारखं वाटलं तर डॉक्टर गाठा. बाबा तोवर पुण्यात परतले असतील तर तिथल्या डॉक्टरांना 'स्कॉटलंडमध्ये गोचीड चावली होती' हे आवर्जून सांगायला लावा, त्यांना आपणहून ते सुचणार नाही.

बाबांना मात्र वर पाठवा. मिदर टॅप हे बेनाखीचं शिखर ५१८ मीटर, म्हणजे सिंहगडवाल्याला चढ किरकोळ. वरच्या कातळाभोवती पिक्ट, म्हणजे स्कॉटलंडच्या प्राचीन लोकांच्या किल्ल्याचा तट आहे, सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचा, चुन्याशिवाय रचलेला, आणि वाट त्याच्या जुन्या दरवाजातूनच आत जाते. रोमन सेनापती अग्रिकोला आणि इथल्या कॅलेडोनियन टोळ्यांची इ.स. ८३च्या सुमाराची मॉन्स ग्रॉपियसची लढाई याच पायथ्याशी झाली असं काही अभ्यासक मानतात, बाकीचे मानत नाहीत. बाबांना परतीच्या वाटेवर वाद घालायला एवढं पुरे.

पण सिंहगडाचा हिशोब वाऱ्याला लावू नका. शंभर मीटरला साधारण अर्धा-पाऊण अंश तापमान उतरतं, ते ठीक. वारा मात्र तटाच्या आत पाऊल टाकलं की थोबाडीत बसतो. माझ्या सासऱ्यांची छत्री तिथे उलटी झाली आणि मग तिचा नाद आम्ही सोडला. खाली टी-शर्टवर घाम आला असला तरी पिशवीत वारा अडवणारं जाकीट, कानटोपी आणि हातमोजे हवेत. हो, ऑगस्टमध्ये. आदल्या रात्री डोंगरासाठीचा हवामान अंदाज बघा, अ‍ॅबर्डीन शहराचा नाही. वरचा कातळ ओला असेल तर बाबांनीही तटापाशी थांबावं.

वाटेत पायाखालून काहीतरी फडफडून 'गो-बॅक, गो-बॅक' ओरडत उडालं तर घाबरू नका, तो रेड ग्राउझ पक्षी. हेदरच्या मधे बुटकी हिरवी झुडपं आणि निळसर काळी फळं दिसतील, ती ब्लेबेरी. ओळख पक्की असेल तर खा, जीभ जांभळं खाल्ल्यासारखी होते.

अ‍ॅबर्डीनहून गाडीने पाऊण तास धरा. गाडी नसेल तर इन्व्हरुरीपर्यंत ट्रेन आणि पुढे टॅक्सी, पण परतीची टॅक्सी आधीच ठरवून ठेवा. पाऊस लागला तर चढूच नका, दुसऱ्या बाजूच्या व्हिजिटर सेंटरला जा. तिथे झाडीतल्या सोप्या वाटेवर 'कॉलनी'ची पडकी घरं आहेत. एकोणिसाव्या शतकात गरीब कुटुंबांनी इथल्या सामाईक जमिनीवर घरं बांधून शेती केली होती, १८५९ मध्ये ती जमीन आजूबाजूच्या जमीनदारांनी वाटून घेतली. आईंना हे शिखरापेक्षा जास्त आवडेल असा माझा अंदाज.

आणि काठ्या दोन घ्या, एक नाही. गुडघा चढताना नाही, उतरताना बोलतो.