एकाच वेळी तीन जॉइंट प्रोजेक्टची विचारणा झाली आहे. नवीन प्राध्यापकाने कोणता घ्यावा?

तिघांपैकी जो कोणी तुम्हाला "तुम्ही फक्त एवढं करून द्या" म्हणाला असेल, त्याला आजच नाही म्हणा. उरलेल्या दोघांचं नंतर बघू.

मी बडोद्याचा, विषय इतिहास. मोडी आजोबांकडून शिकलो. काही वर्षांपूर्वी बाहेरच्या एका विद्यापीठातले मोठे प्राध्यापक दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आले, सेव-उसळ खाल्ली आणि म्हणाले, "तुम्ही फक्त मोडी वाचून द्या, बाकीचं आम्ही बघतो." गायकवाडी कागद, चारशेच्या आसपास. माझे दोन पावसाळे त्यात गेले. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. एकेका गावाच्या नावापायी अख्खी संध्याकाळ जाते.

लेख छापून आला. लेखक चार, त्यात मी नाही. शेवटी आभारात 'वाचनसाहाय्य'. तेही गिळलं असतं. पण एका पत्राखालचा सन मी जसाच्या तसा उतरवून दिला होता : 'इसन्ने सबैन मया व अलफ', म्हणजे ११७२. हा सुहूर सन, म्हणजे मराठी दफ्तरांतली जुनी कालगणना; त्यात ५९९-६०० मिळवायचे, की इसवी १७७१-७२ येतं. मंडळींनी तो हिजरी धरला आणि पत्र नेऊन बसवलं १७५८ मध्ये. पत्र कशाबद्दल? बडोद्याच्या दमाजीराव गायकवाडांच्या मागे गादी कोणाची, या भांडणाबद्दल. दमाजीराव वारले १७६८ साली! म्हणजे माणूस जिवंत, आणि मुलं दहा वर्षं आधीच वारशावरून भांडतायत. लेखकांत असतो तर प्रूफ माझ्याकडे आलं असतं. फोन केला, तर "पुढच्या लेखात बघू."

आमचे भावोजी सी. ए. आहेत. दर गणपतीत आरती झाली की त्यांचं सुरू : "लेखी घ्यायला हवं होतंस." त्यांना वाटतं, पार्टनरशिप डीड केलं की सगळे सज्जन होतात.

नावाचा हिशोब तेवढा आधी करून ठेवा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत एका लेखाच्या संशोधन-गुणांपैकी, दोनच लेखक असतील तर दोघांनाही ७० टक्के; जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि इतरांना प्रत्येकी ३०. आभाराला शून्य. आमच्याच प्राच्यविद्या मंदिरात रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ मध्ये निघाली, तिच्या प्रत्येक कांडावर त्या त्या संपादकाचं नाव आहे. (पोथ्यांचे पाठ जुळवत बसलेल्या सगळ्यांची नावं पहिल्या पानावर नाहीत, हे मान्य.)

हां, तुम्ही अजून पर्मनंट नसाल आणि विचारणारे तुमचेच विभागप्रमुख असतील, तर माझं ऐकू नका. गुपचूप हो म्हणा. आणि विज्ञान शाखेत लेखकांचा क्रम कसा ठरतो ते तिथल्यांनाच विचारा.

पण भावोजींचं मला आजही पटत नाही. समजा, लेखी घेतलं असतं. त्या कागदावर काय असतं? 'मोडी वाचनसाहाय्य'. आणि मी खुशीत सही केली असती.