अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये पंट रिटर्नर सरळ फेअर कॅच का घेत नाही? स्पेशल टीम्सना एवढं महत्त्व असतं का?

प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय, "पंट आला की मी चहा टाकायला उठतो, काही चुकतं का?" हे वाक्य नसतं तर मी लिहायला बसलोच नसतो. चुकतं. मीही असाच उठलो होतो, १७ ऑक्टोबर २०१५ ला, आणि त्याचे टोमणे अजून खातोय. (नवख्यांसाठी: बॉल पुढे नेणं जमलं नाही की तो लाथेने लांब समोरच्यांकडे मारायचा, तो पंट. झेलून परत पळणारा तो रिटर्नर. पळणार नाही अशी हाताने खूण करून नुसता झेलला की फेअर कॅच, मग त्याला कोणी पाडत नाही. आणि अशा किकच्या वेळी उतरतात त्या स्पेशल टीम्स.)

तेव्हा मी ॲन आर्बरला मिशिगन युनिव्हर्सिटीत एमएसच्या दुसऱ्या वर्षाला होतो. रूममेट कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल मॅचेस बघत वाढलेला, त्यामुळे "बॉल काखेत मारून पळायचं आणि त्याला फुटबॉल म्हणायचं" हा त्याचा ठरलेला शेरा. या खेळात त्याला एकच गोष्ट आवडायची, पंट. का, तर तेव्हा तरी बॉलला पाय लागतो. मी मात्र एका सीझनमध्ये सगळं कळल्यासारखा वागायचो. पंट म्हणजे मध्यंतर, पाणी प्या, फोन बघा.

खरं तर मला आदल्याच वर्षी अक्कल यायला हवी होती. सप्टेंबर २०१४ मध्ये यूटाच्या केलिन क्लेने आमच्या डोळ्यांदेखत ६६ यार्ड पंट रिटर्न करून टचडाउन केला, म्हणजे बॉल थेट आमच्या गोलरेषेपार नेला. आम्ही २६-१० हरलो, वर विजा-पावसाने मॅच दोन तासांहून जास्त अडकली. मोजे पिळत घरी आलो. मिशिगन तेव्हा प्रोवाल्यांसारखं पंट करायचं, म्हणजे दोन गनर (टोकांना उभे राहून रिटर्नरवर धावणारे) सोडले तर बाकी सगळे लायनीला चिकटून. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, त्याला कारण आहे. तिथे किक बसायच्या आधी फक्त ते दोघेच पुढे पळू शकतात. कॉलेजच्या नियमात मात्र स्नॅप झाला, म्हणजे बॉल मागे पंटरकडे गेला, की सगळे सुटू शकतात. म्हणून बहुतेक कॉलेज टीम पसरून उभ्या राहतात, पंटरसमोर तिघांची ढाल ठेवतात आणि बाकीचे सरळ रिटर्नरच्या अंगावर धावत सुटतात. नियम फुकट देतोय ते न घेण्याचा हट्ट मला आजही कळलेला नाही.

तर २०१५. नवा कोच जिम हारबॉ. त्या दिवशी मॅच मिशिगन स्टेटशी, ही राज्यातलीच दुसरी युनिव्हर्सिटी. तिच्या आधीच्या तीन मॅचमध्ये आम्ही समोरच्यांना एकही पॉइंट करू दिला नव्हता, ३१-०, २८-०, ३८-०. गावात नुसता उन्माद. स्टेडियमची क्षमता १,०७,६०१, आणि त्या दिवशी मला तरी एकही बाक रिकामा दिसला नाही. शेवटी आम्ही २३-२१ ने पुढे, घड्याळात १० सेकंद, चौथा डाउन, म्हणजे शेवटची संधी, आणि २ यार्ड हवे, बॉल स्टेटच्या ४७ यार्डांच्या रेषेवर. पंट टीम मैदानात आली.

मी म्हणालो, "चल, संपलं. आत्ता निघालो तर बस मिळेल."

तो म्हणाला, "बस की भावा गप. एकदाच तर पाय लावत्यात बॉलला."

मी त्याच्या जॅकेटची बाही ओढली. या स्टेडियमचा बराचसा भाग जमिनीखाली आहे, त्यामुळे बाहेर पडायचं म्हणजे पायऱ्या चढायच्या आणि मैदानाकडे पाठ करायची. मी पाठ केली. तो अर्धा वळून चढत होता, त्याला ती किक बघायचीच होती.

किक झालीच नाही. पंटर ब्लेक ओ'नील, ऑस्ट्रेलियाचा, त्याच मॅचमध्ये ८० यार्डांचा पंट मारलेला माणूस. स्नॅप जरा खाली आला, हातातून निसटला. तो बॉल उचलून गडबडीत लाथ मारायला गेला, तेवढ्यात अंगावर माणसं, आणि बॉल उडाला तो थेट स्टेटच्या जेलन वॉट्स-जॅक्सनच्या हातात. ३८ यार्ड. गोलरेषा ओलांडेपर्यंत घड्याळ शून्यावर. २७-२३. त्या पोराचा खुबा त्याच धावेच्या शेवटी निखळला आणि मोडला, आणि त्यावर आनंदाने उड्या मारत त्याचीच अख्खी टीम चढली.

हे सगळं मी नंतर व्हिडिओत पाहिलं. प्रत्यक्षात पाहिलं ते एवढंच, की माझ्या पुढे चढणारे पिवळ्या पोंचोतले एक आजोबा होते ते मागे वळले आणि होते त्याच पायरीवर बसले. हातात शेंगदाण्यांची रिकामी पिशवी होती. तिची घडी घातली, मग परत घडी, परत घडी, बोटाएवढी होईपर्यंत. लोक त्यांना वळसा घालून जात होते. कोल्हापूरकर माझ्या मागून म्हणाला, "पाय लागलाच न्हाई." बस अर्थातच मिळाली नाही. घरापर्यंत चालत आलो, तोंडातून शब्द नाही.

आता तुमचा प्रश्न. फेअर कॅच का घेत नाहीत? घेतात. चांगला रिटर्नर बऱ्याचदा तेच करतो, फक्त ते हायलाइटमध्ये येत नाही. बॉल साडेचार सेकंद हवेत राहिला आणि ४० यार्डांवर पडला, तर गनर बॉलबरोबरच पोचतो. तिथे शौर्य दाखवायचं कारण नाही. पंटरने उंची सोडून लांबी मारली, पावणेचार सेकंदांत ५० यार्ड, की मग रिटर्नरसमोर मोकळं रान असतं. हा निर्णय तो बॉल वर असतानाच घेतो, आणि वर बघून घेतो, माणसांकडे बघून नाही. बॉलचं नाक खाली वळलं तर बॉल आणखी मागे जाणार, नाक वरच राहिलं तर पुढ्यात टपकणार. डाव्या पायाचा पंटर असेल तर फिरकी उलटी. लाँगऑनला फ्लडलाइटखाली उंच कॅच घेतलेल्यांना थोडी कल्पना येईल. फक्त तेव्हा दहा जण तुम्हाला आडवं करायला धावत येतायत असं समजा.

दुसरी गोष्ट, हा जुगार रिटर्नरचा एकट्याचा नसतो. कोचने आठ-दहा जण पंट अडवायला आत घुसवले, तर रिटर्नरची वाट मोकळी करायला कोणी उरत नाही. उलट एकेका गनरवर दोघे लावले, तर रिटर्नरला दोन श्वास मिळतात, पण पंटर आरामात मारतो. पंट अडवणं की रिटर्न, एकच काहीतरी मिळतं. आणि कॉलेजमध्ये हे सगळं करणारी पोरं कोण? तेव्हा एका टीमला स्कॉलरशिपची मर्यादा ८५ होती. कव्हरेजला, म्हणजे रिटर्नरला पाडायला धावणाऱ्यांत, पहिल्या वर्षाची पोरं, नाहीतर स्वतःच्या खर्चाने आलेले वॉक-ऑन. म्हणून कॉलेजचे पंट एनएफएलपेक्षा जास्त फाटतात, आणि म्हणूनच ते बघावेत. मिशिगनचा चार्ल्स वुडसन १९९७ ला ओहायो स्टेटविरुद्ध पंट घेऊन ७८ यार्ड पळाला आणि त्या वर्षीची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, घेऊन गेला, तीसुद्धा मुख्यतः डिफेन्सचा खेळाडू असून.

पण रिटर्नरचं पहिलं काम पळणं नाही. पहिलं काम झेलणं, आणि झेलता येत नसेल तर बॉलपासून लांब पळणं. बॉलला हात लागून सुटला की तो पंट करणाऱ्यांनाही उचलता येतो. कॉलेजमध्ये ते तो घेऊन पुढे धावू शकत नाहीत, पण बॉल त्यांचा झाला, आणि तेवढं पुरे. टाचा १० यार्डांच्या रेषेवर ठेवायच्या आणि मागे जाणारा बॉल सोडून द्यायचा, हे शाळेतल्या पोरांनाही शिकवतात.

१ जानेवारी २०२४, रोझ बोल, म्हणजे चॅम्पियनशिपची सेमीफायनल, समोर अलाबामा. पहिल्या क्वार्टरमध्येच आमच्या सेमाज मॉर्गनच्या हातून पंट सुटला आणि अलाबामाने त्यावर टचडाउन काढला. मग शेवटी २०-२० असताना, मिनिटभरही उरलेलं नाही, आणि आमचाच जेक थॉ आमच्या गोलरेषेपासून पाच यार्डांच्या आसपास मागे जाऊन बॉल झेलायला गेला. सुटला. कसाबसा १ यार्डाच्या रेषेवर त्यानेच तो अंगाखाली घेतला. तिथे तो अलाबामाच्या हाती लागला असता तर मॅच जवळजवळ त्यांचीच. मी सोफ्यावरून ओरडलो की धाकटी झोपेतून उठून रडायला लागली. तेवढ्यात फोन वाजला. कोल्हापूरकर, आता टेक्सासला असतो. हॅलो नाही काही नाही. "उठला नाहीस न्हवं जागचा?"

नव्हतो उठलो. ओव्हरटाइममध्ये २७-२० जिंकलो, पुढे वॉशिंग्टनला ३४-१३ हरवून चॅम्पियनही झालो.

बाकी आमचं भांडण मिटलेलं नाही. तो म्हणतो, २०१५ ला पंट मारायचाच नव्हता, क्वार्टरबॅकने (टीमचा बॉल फेकणारा) मागे पळत बॉल आभाळात फेकून १० सेकंद संपवायचे. हे मूर्खपणाचं आहे. बॉल सेकंदभर आधी पडला की त्यांना मैदानाच्या मध्यावर एक डाव मिळतोच. पंट बरोबर होता. चूक होती ती उभं राहण्यात. स्टेटने मागे रिटर्नर ठेवलाच नव्हता, सगळे अडवायला पुढे. ज्या पंटला रिटर्नरच नाही त्याला गनर कशाला बाहेर ठेवायचे? दोघांना आत घ्या, पंटरला एक श्वास जास्त द्या. आणि स्नॅप सुटलाच तर नुसतं बॉलवर पडा. फार तर स्टेटला पंचावन्न यार्डांच्या आसपासची फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून लाथेने मारायची किक, मिळाली असती, तीही वेळ उरला असता तर. हे मी त्याला तेव्हापासून सांगतोय.

अर्थात, ओ'नीलला दोष देणाऱ्यांत मी नाही. त्या आठवड्यात त्याला ऑनलाइन जे ऐकवलं गेलं ते लाज वाटण्यासारखं होतं. आणि पसरलेली रचना म्हणजे रामबाण असंही नाही. तिघांची ढाल एका बाजूने फुटली की पंटर उघडा पडतो. म्हणून काही जण ऑस्ट्रेलियन पंटर आणून त्यांना पळत पळत रग्बीसारखी किक मारायला लावतात. त्यावर स्वतंत्र प्रश्न विचारा.

चहा मात्र किकऑफला टाका, म्हणजे खेळ सुरू करताना मारतात त्या किकला. हल्ली बहुतेक वेळा कोणी पळतच नाही, बॉल २५ यार्डांवर ठेवूनच खेळ सुरू होतो.

आणि कोल्हापूरकर हे वाचणार, म्हणून इथेच लिहून ठेवतो: "चल" मी म्हणालो होतो, मान्य. पण पहिली पायरी तू चढलास.